घेणाऱ्याचा चेहरा

गेल्या मे महिन्यात शेवगाव तालुक्यातल्या एका गावी आमच्या चर्चच्या मंडळीने किराणा वाटला. सकाळी आठलाच ऊन अंगावर यायला लागलं होतं. समाजमंदिराच्या ओट्यावर पिशव्या ओळीने मांडलेल्या. गहू, तूरडाळ, गोडेतेल, साखर, चहापत्ती, अंगाचा आणि कपड्यांचा साबण. डाळ आणि साबण एकाच पिशवीत असले की एक कोरडा, नाकात चढणारा वास येतो, तो सगळ्या ओट्यावर भरून राहिला होता. गावातली बरीचशी कर्ती माणसं ऊसतोडीवरून नुकती परतलेली, कुणाची उचल फिटलेली नाही, टँकर एक दिवसाआड. आमचे पाळक नावं पुकारत होते. माणसं पुढे येत, कुणी सही करी, कुणी अंगठा टेकवी, पिशवी उचली. मदत पाठवणाऱ्या संस्थेकडून एक मुलगा आला होता, तो मोबाइल घेऊन उभा होता, कारण अहवालाला फोटो लागतात. पिशवी हातात घेऊन प्रत्येकाने फ्लेक्ससमोर जरा थांबायचं, असं ठरलं होतं. एक म्हातारी आली. अंगठ्याची शाई तिने लुगड्याला न पुसता ओट्याच्या कडेला पुसली, पिशवी छातीशी धरली, आणि मुलाने मोबाइल वर करताच पदर ओढून तोंड झाकून घेतलं. मुलगा अदबीने म्हणाला, "आजी, इकडं बघा की जरा." ती पदराआडून म्हणाली, "पिशवी घेतली की रे बाळा. तोंड कशाला पाहिजे तुला?"

पाळकांनी पुढचं नाव पुकारलं.

मुलाचा यात काही दोष नव्हता, हे आधीच सांगते. त्याला सांगितलेलं काम तो नीट करत होता, उन्हात उभा राहून, स्वतः पाणीसुद्धा न पिता. पाळकांचाही नव्हता. पैसे देणाऱ्याला हिशोब दाखवावा लागतो आणि हिशोब दाखवलाच पाहिजे, या मताची मी आहे. तरीही ते वाक्य माझ्याबरोबर पुण्याला आलं. रात्री भांडी घासताना, बसमध्ये, रविवारी उपासनेत दानार्पणाची थैली रांगेतून फिरत असताना ते पुन्हा पुन्हा वर येत राहिलं. कारण त्या म्हातारीच्या जागी मला माझे पणजोबा दिसत होते.

ते १८९९-१९०० च्या दुष्काळातलं पोर. नेवाशाकडून कुणाच्या तरी हाताला धरून नगरच्या मिशनमध्ये आलेलं, आईबाप वाटेत गेलेले. मिशनच्या बोर्डिंगात वाढले, हातमागावर बसले, पुढे गावोगावच्या मिशनशाळांतून मास्तरकी केली. मी त्यांना पाहिलेलं नाही, जे आहे ते आजीच्या तोंडून ऐकलेलं. आजी सांगायची, मामंजी कधी रांगेत उभे राहिले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशन सुरू झालं तेव्हा दुकानात ते आजोबांना पाठवत, स्वतः जात नसत. घरात साखर नसली तर बिनसाखरेचा चहा पीत. आजीने एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "रांगेत उभं राहून झालंय माझं." एवढंच. नेवाशाहून नगरपर्यंतच्या वाटेबद्दल ते कधीही बोलले नाहीत, आणि कुणी त्यांना बोलायला लावलं नाही.

आमच्यासारख्या घरांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा मायेनेच विचारतो. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या वडिलांनी जेवता जेवता विचारलं होतं, "म्हणजे तुमचे लोक दुष्काळात ख्रिस्ती झाले ना?" त्या वाक्यात "दुष्काळात"वर जो जोर होता, तो मला आजही ऐकू येतो. जणू भुकेल्या माणसाला पोटाखेरीज दुसरं काही नसतंच, त्याने घेतलेला प्रत्येक निर्णय भाकरीच्या तुकड्याएवढाच. पणजोबा आठ-नऊ वर्षांचे होते. त्यांनी काय निवडलं आणि काय निवडलं नाही, हे विचारणंसुद्धा मला अवघड वाटतं. पण पुढची साठ वर्षं रोज पहाटे उठून कंदिलाच्या उजेडात त्यांनी बायबल वाचलं, ते काही मक्याच्या पोत्यासाठी नव्हे.

मक्याचं पोतं खरंच होतं. त्याची गोष्ट सांगायची तर रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्याबद्दल बोलावं लागतं. काँग्रेसवाले ह्यूम वेगळे, हे नगरचे अमेरिकन मिशनरी. आमच्या आजीच्या पिढीत त्यांना "ह्यूमसाहेब" म्हणत, आणि नगरमध्ये त्यांच्या नावाचं चर्च आजही उभं आहे. जन्म १८४७ चा, मुंबईतला, भायखळ्याचा. वडील मिशनरी. रॉबर्ट सात वर्षांचा असताना आजारी वडिलांना घेऊन कुटुंब अमेरिकेला निघालं आणि वडील समुद्रावरच वारले. आई पोरांना घेऊन मायदेशी पोचली. तो मुलगा येलला शिकला, अँडोव्हरला धर्मशास्त्र शिकला, पाळकीय दीक्षा घेऊन १८७४ साली परत आला आणि नगरला राहिला तो १९२६ पर्यंत. बावन्न वर्षं. आमच्या गावाकडची कितीतरी माणसं तेव्हा बावन्न वर्षं जगतसुद्धा नसत.

ते आले आणि दोनच वर्षांत १८७६ चा मोठा दुष्काळ पडला. त्या दुष्काळाबद्दल मराठी वाचकाला मी वेगळं काय सांगणार. मला त्यातली एकच गोष्ट धरून ठेवावीशी वाटते. दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच, १८७८ मध्ये, ह्यूमसाहेबांनी नगरला सेमिनरी काढली. धान्य वाटून झाल्यावर पहिला विचार त्यांनी केला तो गावच्या मंडळ्यांना गावचेच पाळक मिळतील याचा. तिथे शिकायला येणारी मुलं बहुतेक महार-मांग घरांतली, ज्यांना गावच्या शाळेत ओसरीवरसुद्धा बसू देत नसत. त्यांना व्याख्यान द्यायला, प्रश्न विचारायला, गुरुजींशी वाद घालायला शिकवायचं, आणि मग सगळ्या मंडळीसमोर उभं करायचं. माझ्या मते बावन्न वर्षांच्या त्या कामातलं सगळ्यात मोलाचं हेच. बाकीच्या गोष्टींनी त्यांचं नाव झालं. या गोष्टीने इतरांना नावं मिळाली.

पण त्यांच्याबद्दल मला खरी ओढ वाटली ती दुसऱ्याच कारणाने. १८८६ साली ते रजेवर अमेरिकेत होते, आणि अँडोव्हरच्या एका सभेत बोलले. तेव्हा तिकडच्या चर्चमध्ये एक वाद पेटला होता. ज्यांनी ख्रिस्ताचं नावच कधी ऐकलं नाही आणि तसेच जे मेले, त्यांचं काय? जुन्या मताचे लोक म्हणत, ते कायमचे गमावले. अँडोव्हरचे काही शिक्षक म्हणत, देव इतका कठोर नाही, मृत्यूनंतरही त्यांना संधी मिळेल. ह्यूमसाहेबांनी या दुसऱ्या बाजूने बोलायचं धाडस केलं. हिंदुस्थानातल्या माणसाला तुझे सगळे वाडवडील नरकात आहेत असं सांगत फिरणं हे मिशनच्या कामाच्या आड येतं, असं त्यांचं म्हणणं. झालं, बोस्टनच्या मिशन बोर्डात वादळ उठलं. या माणसाला परत नगरला पाठवायचं की नाही, यावर खल सुरू झाला. बारा वर्षांचं काम, तिथली सेमिनरी, सगळं पणाला लागलं. अखेर १८८७ मध्ये परवानगी मिळाली आणि ते परतले.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचवलं नाही. पणजोबांचे आईबाप, नेवाशाहून नगरला येताना वाटेत कुठेतरी गेलेले, ज्यांची नावंसुद्धा आमच्या घरात कुणाला माहीत नाहीत, त्यांच्यासाठी एक माणूस आपली नोकरी धोक्यात घालून भांडला होता. ते स्वतः अजून पोरवयात असतील तेव्हाच. भुकेल्याला भाकरी देणारे पुष्कळ असतात. भुकेने मेलेल्याची बाजू धर्मसभेत घेणारा मला दुसरा माहीत नाही.

पुढे १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ह्यूमसाहेब बोलले. ख्रिस्ती आणि हिंदू विचार कुठे जुळतात आणि कुठे वेगळे होतात, असा त्यांचा विषय. त्याच परिषदेत २० सप्टेंबरला विवेकानंदांनी अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांना तोंडावर सुनावलं: हिंदुस्थानात धर्म भरपूर आहे, तिथल्या लोकांना भाकर हवी आहे, उपाशी माणसापुढे धर्म ठेवणं हा त्याचा अपमान आहे. पुढच्या वर्षी या दोघांत पत्रापत्रीही झाली. विवेकानंदांचं ते बोलणं आपण शाळेपासून ऐकतो, आणि मी ते मनापासून मानते. फक्त मला त्यात एक गोष्ट जोडावीशी वाटते, आणि ती मला त्या म्हातारीने शिकवली. उपाशी माणसापुढे नुसती भाकर ठेवण्यातही अपमान असू शकतो. ती कशी ठेवली, कुणाच्या साक्षीने ठेवली, त्यावर ते ठरतं.

सहा वर्षांनी पाऊस पुन्हा गेला. १८९९ चा पावसाळा कोरडा. तिकडे न्यूयॉर्कच्या "ख्रिश्चन हेरल्ड" या साप्ताहिकाने वाचकांकडून वर्गणी गोळा केली, आणि १९०० सालच्या उन्हाळ्यात "क्विटो" नावाची आगबोट मका भरून मुंबईकडे निघाली. पैसा आणि धान्य वाटण्याच्या कामात ह्यूमसाहेब पुढे होते. त्यासाठी १९०१ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंदचं सोन्याचं पदक दिलं.

नगरची माणसं बाजरी आणि ज्वारी खाणारी. अमेरिकेतल्या कुठल्या तरी शेतातला तो मका इथल्या जात्यात भरडला गेला असेल तेव्हा बायांनी त्याची भाकरी कशी थापली असेल, असा विचार मी नेहमी करते. मक्याचं पीठ ज्वारीसारखं चिकट नसतं. कडा फाटतात, हातावर घेतली की मोडते. गरम पाण्यात मळून, ओल्या फडक्यावर थापून बघितली असेल. शेवटी कण्या करून पातळ शिजवलं असेल, मीठ असलं तर मीठ घालून. पणजोबांनी तेच खाल्लं असणार. आजी म्हणायची, त्यांना कणसं भाजलेली आवडत, पण मक्याची भाकरी ते पानाला लावू देत नसत.

पदकाबद्दल माझ्या मनात सरळ भावना नाही. ज्यांनी पदक दिलं त्याच सरकारच्या अमदानीत वीस-बावीस वर्षांत दोन-तीन मोठे दुष्काळ झाले. सारा माफ करण्यात कुचराई, दुष्काळी कामांवर अपुरी मजुरी, या गोष्टींवर त्या वेळची आपलीच वर्तमानपत्रं कानीकपाळी ओरडत होती. पोटाला चिमटा बसवणारं आणि मदत करणाऱ्याचा सत्कार करणारं सरकार एकच. पुढे १९२० मध्ये गांधीजींनी आपलं कैसर-ए-हिंद परत केलं, ते का, हे समजायला मला वेळ लागत नाही. ह्यूमसाहेबांनी ते छातीवर लावलं. लावताना त्यांना काय वाटलं असेल ते असो. त्यांनी केलेलं काम पदकाच्या लायकीचं होतं यात मला शंका नाही. पदक त्या कामाच्या लायकीचं होतं का, याची मात्र आहे.

त्या काळच्या मिशनच्या मासिकांत दुष्काळातल्या मुलांचे फोटो छापलेले असत. आता ते जुने अंक संगणकावर बघता येतात. एका रात्री मी ते बघत बसले. मुलं ओळीत उभी. फासळ्या मोजता येतील अशी, डोकी अंगाच्या मानाने मोठी, पोटं पुढे आलेली, नागडी किंवा लंगोटीवर. फोटो काढणाऱ्याने सांगितलं म्हणून सगळी समोर बघताहेत. खाली ओळ, मदतीचं आवाहन. त्या फोटोंनी पैसा जमला, हे खरं. त्या पैशाने मका आला, हेही खरं. त्यातल्याच कुठल्या पैशावर माझे पणजोबा जगले आणि म्हणून मी आज हे लिहिते आहे, हे तर सगळ्यात खरं. एवढं सगळं मान्य करून मी त्या ओळीतल्या एका मुलाकडे बघत राहिले. बाकीचे समोर बघत होते, त्याने मान वळवली होती. फोटोत त्याचा गाल तेवढा आला आहे. त्याला पदर नव्हता.

याच नगरला, याच सेमिनरीत, टिळक शिकवत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ ला बाप्तिस्मा, १९०४ ला पाळकीय दीक्षा. त्यांच्या गाण्यांशिवाय आमची उपासना आजही पुरी होत नाही. "उपासना संगीत" उघडलं की पानापानावर तेच. टिळकांचं दान हे ह्यूमसाहेबांच्या दानाच्या अगदी उलट टोकाचं. समिती नाही, आगबोट नाही, अहवाल नाही. अंगावरचं काढून द्यायचं, खिशात असेल ते द्यायचं, वाटेत भेटलेल्या पोराला घरी आणायचं. ते दान टिळक करत आणि निभावत लक्ष्मीबाई. घरात पीठ नसताना पाहुणे कसे जेवू घालायचे, परकी पोरं आपल्या पोरांत कशी मिसळून घ्यायची, प्लेगच्या दिवसांत माणसं माणसाला हात लावत नव्हती तेव्हा काय करायचं, हे सगळं त्या माउलीने करून दाखवलं. पाळकाच्या कारकिर्दीबद्दल जेव्हा लिहिलं जातं तेव्हा पाळकीणबाईंना एखादी ओळ मिळते. आमच्या सुदैवाने लक्ष्मीबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं, नाहीतर त्यांनाही तेवढीच मिळाली असती.

टिळकांना सलत होतं ते वेगळंच. मिशनचा पगार घ्यायचा, मिशनच्या बंगल्यात साहेबाला भेटायला जायचं, मिशनने ठरवलेल्या कामावर मिशनने ठरवलेल्या गावी बदली घ्यायची. देशी पाळक किती का शिकलेला असेना, तो नोकर आणि मिशनरी धनी. मिशनऱ्यांनी मायबापपण सोडून भाऊ व्हावं, अशी त्यांची मागणी होती. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी पगारच सोडला आणि साताऱ्याला "देवाचा दरबार" मांडला. ख्रिस्ती झालेला आणि न झालेला, दोघांनाही दार उघडं. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. पण पगार सोडतानाचं त्यांचं वय पंचावन्न होतं, तब्येत खचलेली होती, आणि घरात शिल्लक टाकायची त्यांना कधी सवयच नव्हती. त्या वयात, त्या अवस्थेत माणूस एवढं मोठं पाऊल उचलतो ते केवळ मानासाठी, आणि तोही स्वतःच्या एकट्याच्या नव्हे. घेणाऱ्या सगळ्यांच्या मानासाठी.

ह्यूमसाहेबांना टिळकांचं म्हणणं कळत नव्हतं असं मला वाटत नाही. मिशनरी येण्याआधीपासून देव या देशात आहे, ही त्यांची भूमिका होती. आपल्या हातची माणसं पुढे यावीत म्हणून ते आयुष्यभर झटले. आणि तरीही, उत्तर हिंदुस्थानातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९२० च्या दशकात एक झाल्या, युनायटेड चर्च झाली, तेव्हा तिचे पहिले मॉडरेटर, म्हणजे प्रमुख, कोण? पंचाहत्तरी ओलांडलेले ह्यूमसाहेब. तो त्यांचा सन्मान होता, त्यांनी तो कमावला होता, लोकांनी प्रेमाने दिला असणार. मला मात्र राहून राहून वाटतं की त्या दिवशी त्या खुर्चीवर त्यांच्या सेमिनरीतून निघालेला एखादा पाळक बसायला हवा होता आणि ह्यूमसाहेब पहिल्या बाकावर. नगरमध्ये तशी माणसं तयार होती. सेमिनरी काढून पंचेचाळीस वर्षं उलटली होती. हा माझा त्यांच्यावरचा एकमेव राग, आणि तो रागही आपल्या माणसावर धरावा तसा आहे.

१९२६ ला ते अमेरिकेला परतले, १९२९ मध्ये तिकडेच वारले. त्यांची मुलगी रूथ डॉक्टर होती. तिने नगरला बायका-मुलांसाठी दवाखाना उभा केला. पुढे तो साल्वेशन आर्मीकडे गेला, तेच आजचं बूथ हॉस्पिटल. कोविडच्या पहिल्या लाटेत, जेव्हा बाहेर सगळीकडे भीती पसरली होती, तेव्हा नगरचे रुग्ण तिथे दाखल होत होते. माझ्या एका मावसभावाला तिथे ठेवलं होतं. तो बरा होऊन आल्यावर म्हणाला, "तिथल्या सिस्टर रोज नावाने हाक मारायच्या. तोंड झाकलेलं असायचं त्यांचंही आणि माझंही, पण हाक नावानेच." कागदावर आता शहराचं नाव अहिल्यानगर झालं आहे, आम्ही अजून नगरच म्हणतो.

गावाकडच्या आमच्या त्या पाळकांना मी परवा फोन केला होता. वयाने ते माझ्या धाकट्या भावाएवढे, तरी मी त्यांना अहोजाहो करते आणि "पाळकसाहेब" म्हणते, ते मला "ताई" म्हणतात. त्यांचा दिवस कसा जातो ते मी जवळून बघितलं आहे. सकाळी कुणाच्या तरी दवाखान्यात प्रार्थना, मग शाळेच्या दाखल्यासाठी एखाद्या पोराबरोबर तलाठ्याकडे, दुपारी पंचांची बैठक, त्यात कुंपणाच्या भिंतीवरून वाद, संध्याकाळी घरगुती उपासना, रात्री अकराला कुणाच्या नवऱ्याने दारू पिऊन मारलं म्हणून फोन. रविवारचा उपदेश शनिवारी रात्री बाराला लिहायला बसतात. पगार दानार्पणातून, आणि दानार्पण पावसावर. त्यांच्या बायको शिवणकाम करतात. ह्यूमसाहेबांच्या मागे बोस्टन होतं, यांच्या मागे एक शिलाई मशीन आहे. आणि तरी गावात पाणी आटलं की लोक पहिल्यांदा यांच्याच दाराशी येतात, त्यात ख्रिस्ती किती आणि बाकीचे किती हे यांनी कधी मोजलेलं मी ऐकलं नाही.

मी त्या म्हातारीचा विषय काढला. त्यांच्याही डोक्यात तोच होता, हे त्यांच्या आवाजावरून लगेच कळलं. म्हणाले, "ताई, त्या दिवसानंतर त्यांच्या घरी जाऊन आलो. चहा दिला त्यांनी. आपल्याच पिशवीतल्या साखरेचा." मग जरा थांबून म्हणाले, "मला म्हणाल्या, आता तुम्ही माझ्याकडचं घेतलंत, आता बसा." त्या घरातून निघताना त्यांनी एक ठरवलं आणि पुढच्या बैठकीत पंचांपुढे मांडलं. यापुढे वाटप मंडळीने करायचं नाही. गावातल्या बचत गटाच्या बायकांकडे माल उतरवून द्यायचा. कुणाला किती, कधी, हे त्या ठरवतील. रांग लावायची नाही, घरी पोचवायचं. फोटो मालाचा काढायचा, माणसांचा नाही. हिशोबाला दुकानाच्या पावत्या आणि गटाच्या वहीची झेरॉक्स जोडायची. पंचांपैकी दोघांनी हरकत घेतली. बाया आपल्या भावकीला जास्त देतील, असं त्यांचं म्हणणं. यावर एका म्हाताऱ्या पंचाने विचारलं म्हणे, की आपण नेहमी आपल्या भावकीला सोडूनच देतो का? ठराव पास झाला, एका मताच्या फरकाने.

पैसे देणाऱ्या संस्थेचं काय, असं मी विचारलं. "कळवलंय," म्हणाले, "उत्तर आलं नाही अजून. नाही म्हणाले तर थोडी कमी पोती येतील." हे त्यांनी फार सहज म्हटलं, पण कमी पोती म्हणजे काय हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं, ज्या घरांना मिळणार नाही त्या घरांत त्यांनाच जायचं आहे. मी म्हटलं, पुण्याच्या आमच्या मंडळीत विषय काढते, पावत्यांवर भागतंय का बघते. ते म्हणाले, "किराण्याचं होईल ताई. जूनच्या आधी वह्यांचं बघा. चौथी ते सातवी, एकशे चाळीस मुलं आहेत. आणि वह्यांवर कुणाचं नाव-फोटो छापलेला नको, साध्या कोऱ्या घ्या." मी कागद घेऊन आकडा लिहून घेतला. शंभर पानी की दोनशे पानी, हे विचारायचं राहिलं, म्हणून पुन्हा फोन लावला.